फॉर्म भरला नाही, पण वेबसाईट चालू झाली

ती. अण्णा आणि आई,

साष्टांग नमस्कार. फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर मी "चालूय अभ्यास" म्हणतो, तुम्ही "बरं बरं" म्हणता, आई जेवलास का विचारते आणि संपतं. म्हणून टाईप करायलोय. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दादाच्या हाती पाठवतोय. अण्णांनी डोळे ताणायचे नाहीत, आईने वाचून दाखवायचं. आणि आई, मधेच थांबून पदर डोळ्याला लावायचा नाही, तसलं काही नाहीये यात.

सरळच सांगतो. या वर्षी मी राज्यसेवेचा फॉर्म भरला नाही. विसरलो नाही, ठरवून भरला नाही. आणि एक तारखेपासून पुणे सोडून संभाजीनगरला चाललोय, एका छोट्या ऑफिसात, वेबसाईट बनवायचं काम, पगार सध्या १४ हजार, सहा महिन्यांनी वाढवू म्हणालेत. खोलीचं डिपॉझिटपण भरलंय. म्हणजे हे विचारायला नाही, सांगायलाच लिहितोय, आणि त्याचं वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही "अजून एक अटेम्प्ट दे" म्हणाला असता आणि मी दिला असता, मला माहितीय ना माझं.

चार झाले अण्णा. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य सहा मार्कांनी गेली (आईला मी तीन सांगितलेले, सॉरी आई). २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, सगळी तयारी नव्याने. पण पॅटर्न बदलला म्हणून पळालो असं समजू नका, माझ्या अभ्यासिकेतली किती पोरं नव्या वह्या घेऊन परत बसलीत. मीपण बसलो होतो. सकाळी सहाला खुर्ची धरायची आणि दुपारी बघावं तर पान तेच. रात्री मात्र झोपायच्या आधी अर्धा तास म्हणून लॅपटॉप उघडायचो आणि दोन वाजायचे, कळायचंसुद्धा नाही. तेव्हाच समजलं होतं मला, कबूल करायला आठ महिने गेले.

सुरुवात मावशीनं केली. मागच्या दिवाळीत औश्याला गेलो होतो तेव्हा तिच्या बचत गटाच्या बाया येसर मसाला दळून पाकिटं भरत होत्या, घरभर वास. मावशी म्हणली, "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतूस ना, मग आमचं बी टाक की नेटवर." मी दिवसभर चालू घडामोडी वाचत असतो हे तिला कोण सांगणार. हो म्हणलो. काहीच येत नव्हतं. फुकटचे व्हिडिओ बघत, थांबवत, परत मागे नेत शिकलो.

अण्णा, हे काम कसं असतं ते तुम्हाला एका मिनिटात कळेल, मला कळायला महिना लागला. मजकूर लिहायचा आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी-नंतर खुणा लावायच्या, इथून मथळा चालू, इथे संपला, इथून जाड अक्षर, इथे बंद. एकदा मी जाड अक्षर बंद करायची खूण विसरलो तर येसरच्या किमतीपासून खाली मावशीच्या फोन नंबरापर्यंत सगळं पान जाड. आपल्या प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचा फर्मा नीट आवळला नाही आणि उचलला की कसं व्हायचं, तसं. फरक एवढाच की इथे खिळे जमिनीवर सांडत नाहीत.

मला आठवतं, छपाईच्या ट्रेडल मशीनखाली सांडलेले खिळे वेचून केसमध्ये टाकायचं काम माझं होतं, रुपयाला एक डबी. उलटे वाचायचे, ब कुठला आणि व कुठला. बोटं काळी झाली की आई रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची आणि तुम्हाला ओरडायची की पोराला कशाला बसवता तिथं. तुम्ही म्हणायचात, बसू दे, अक्षर तरी ओळखंल. ते वाक्य मला आत्ता आत्तापर्यंत आठवलंच नव्हतं बघा, या पानावर काम करताना आठवलं.

कारण गटाची जुनी माहिती मावशीकडं एका फाईलमध्ये होती, गावातल्या डीटीपीवाल्यानं पूर्वी पॅम्प्लेटसाठी टाईप केलेली. ती उघडली तर सगळं इंग्रजीतलं गचपण. जुने मराठी फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच, वरून मराठीचा मुखवटा, तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर असतो. सगळं परत टाईप केलं मी, अकरा पानं. आणि मग तुम्हाला पहिला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणलात, "हा ल आपला नाही." मी चिडलो होतो तेव्हा. एवढं केलं आणि यांना ल दिसला. दोन दिवसांनी शोधलं तर खरंच, फॉन्टात दोन्ही ल असतात, हिंदीचा दांडीवाला आणि आपला दोन पाकळ्यांचा, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये वरच सांगावं लागतं, नाहीतर तो हिंदीचा धरतो. एका शब्दाचं काम होतं. आमच्या व्हिडिओवाल्यानं ते सांगितलंच नव्हतं. नव्या ऑफिसच्या इंटरव्ह्यूत मी हीच गोष्ट सांगितली आणि मला वाटतं त्याच्यावरच घेतलं त्यांनी मला, सर्टिफिकेट कुणी बघितलंपण नाही.

अक्षराचा आकारपण तुमच्यामुळंच. दिवाळीत तुम्ही माझा मोबाईल हात लांब करून धरला, मग अजून लांब, मग "नंतर बघतो" म्हणून ठेवून दिला. परत आल्यावर मी अक्षर १६ चं २० केलं. मग वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना टेकायला लागल्या, मग ओळींमधली जागा वाढवली. तेव्हा पान एवढं लांब झालं की मावशी म्हणली, ही तर दासोपंतांची लांबलचक कापडी पासोडी झाली, बोटानं सरकवून सरकवून थकले मी. मग चार पानं केली.

पत्ता घ्यायचा असतो वेबसाईटला, त्याला डोमेन म्हणतात. डॉट इनवाला घेतला. घेतला म्हणतो पण तो सातबारा नाही, भाड्यानं असतो, दरवर्षी पैसे भरायचे, पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि पुढच्या वर्षी खरा भाव कळतो. पानं ठेवायला मात्र गिटहब नावाच्या साईटवर फुकट जागा मिळाली, साधी पानं असली की चालतं. आई, फुकट म्हणलं की तुला शंका येते, पण इथे खरंच पैसे लागत नाहीत. मुळात हे वेब प्रकरणच फुकट सोडलेलं आहे, सर्न म्हणून स्वित्झर्लंडमध्ये युरोपातल्या देशांची संस्था आहे, तिथल्या माणसानं काढलं आणि एप्रिल १९९३ मध्ये त्यांनी सगळ्यांना खुलं केलं. मी हे वाचलं तेव्हा पहिलं काय आठवलं असेल तर तुमचं ९३. आपल्या घरी ९३ म्हणजे विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती भूकंपाची पहाट, मावशीचं सासर, आणि प्रेसमध्ये रात्रभर छापलेली मदतीची पावतीपुस्तकं ज्यांचे पैसे तुम्ही कधीच घेतले नाहीत. त्या वर्षी जगात दुसरंही काही चाललं होतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

चालू केली त्या रात्रीचं सांगतो. पत्ता जोडला की लगेच दिसत नाही, कधीकधी २४ ते ४८ तास लागतात सगळीकडं पोचायला. मी दर पाच मिनिटाला बघत होतो, आपला पाण्याचा टँकर यायचा असला की गल्ली कशी कोपऱ्यावर जाऊन येते तसं. रात्री पावणेएकला दिसली. आणि पहाटे मावशीचा फोन, "अरे पोरा, कुरडयांचा फोटूच दिसंना." माझ्या लॅपटॉपवर दिसत होता! अर्धा दिवस गेला. फोटोच्या फाईलच्या नावात शेवटचं जेपीजी मोबाईलनं मोठ्या एबीसीडीत लिहिलेलं आणि मी कोडमध्ये छोट्या. माझ्या विंडोजला दोन्ही एकच, सर्व्हरला दोन वेगळ्या वस्तू. शिवाय एकेक फोटो पाच-पाच एमबीचा, मावशीच्या गावच्या नेटवर्कवर कुरडई वरून खाली हळूहळू उमटणार. सगळे बारीक केले.

पहिल्या महिन्यात सात ऑर्डरी आल्या. त्यातल्या दोन ताईच्याच होत्या, वेगळ्या नंबरावरून, पकडली मी. पण ठाण्याची एक बाई, मूळची परळीची, तिनं दोन किलो येसर मागवलं आणि मावशीला फोन करून अर्धा तास बोलत बसली. मावशीनं मला तीन हजार दिले, नको म्हणत होतो, तर म्हणली फुकट केलेलं काम कुणी जपत नाही. चटणीचा डबा वेगळा.

आता तुमच्या मनात काय आलंय तेपण सांगतो अण्णा. डीटीपी आली आणि प्रेस गेली, आता हे एआय आलंय, ते म्हणे मिनिटात वेबसाईट बनवतं, मग तुझं काय. हो, बनवतं. मी स्वतः वापरतो, मदत होते. पुढं काय होईल ते मला छातीठोक सांगता येणार नाही. पण त्यानंपण मला हिंदीचाच ल दिला होता. एवढंच म्हणतो. तुम्ही कॉम्प्युटर घ्यायला नको म्हणलात तेव्हा कशामुळं म्हणलात ते मला आता माहितीय, दादानं सांगितलं, आणि मी दहावीत तुम्हाला जे बोललो होतो ते परत घेतो.

आई, पाटल्या मी विसरलेलो नाही. तारीख सांगत नाही, पण सोडवून आणीन. पुण्याचे पैसे वाया गेले असं मनात आणू नको, मला आता कुठलाही जाडजूड कागद वाचून समजतो, हे त्यातूनच आलंय.

राहायचं चांगलं आहे. सिडकोत खोली, सेलूचा एक पोरगा सोबत, शांत आहे, घोरतो जरा. पूर्वेची खिडकी आहे. पाणी रोज येत नाही पण टाकी मोठी आहे. मेसमध्ये रात्री ज्वारीची भाकरी मिळते, पुण्यात चार वर्षं मी ती कापडासारखी चपाती खाल्ली. पाठदुखीसाठी खुर्ची चांगली घेतोय आधी. आणि मुख्य म्हणजे पाच तासांत घरी, पुण्यासारखं रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसायला नको, शनिवारी सुटलो की रात्रीच्या जेवणाला अंबाजोगाईत. म्हणजे लांब नाही, जवळच यायलोय मी, तसं बघा.

आता ऐका. मला दर महिन्याला पाठवता ते पैसे या महिन्यापासून बंद. उलट मी दोन हजार टाकणार, ते बँकेत नुसते ठेवायचे नाहीत. बीपीची गोळी अर्धी करून खायची नाही अण्णा, मला आईनं सांगितलंय, अर्धी गोळी म्हणजे अर्धं बीपी असं नसतं. माळवदावर पापड घालायला आईनं एकटीनं चढायचं नाही. फोनवर कुणी पोलीस म्हणून बोललं, सीबीआय म्हणलं, पार्सल अडकलंय म्हणलं तर ठेवून द्यायचं, माझं नाव घेतलं तरी ठेवायचं, ओटीपी तर मला स्वतःलापण सांगायचा नाही. आणि मोतीबिंदू. तीनदा पुढं ढकललं, आधी लगीनसराई, मग पेरणी, मग काय तर पितृपक्ष. आता नाही. मी सोमवार-मंगळवार रजा बोलून ठेवलीय नव्या ऑफिसात, जॉईन व्हायच्या आधीच, मेडिकल कॉलेजला मीच घेऊन जाणार. नंतर ड्रॉप आईनंच टाकायचे, तुम्ही गालावर टाकता.

शेजारी विचारतील फॉर्मचं काय झालं. खरं ते सांगा नाहीतर काहीच सांगू नका, तुम्हाला बरं वाटंल ते. मला राग येणार नाही. तुम्हाला साहेब म्हणून सांगायचं होतं ते मला माहितीय.

मावशीच्या वेबसाईटच्या चारही पानांचे प्रिंट या पत्रामागं लावलेत. अण्णा, लाल पेन माझ्या जुन्या कंपासपेटीत आहे. तिसऱ्या पानावर कुठंतरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय असं मला वाटायलंय पण सापडंना. प्रूफ बघून द्या. पण ऑपरेशन झाल्यावर, आधी नाही. आई, तोवर पानं तुझ्याकडं ठेव, कपाटाला कुलूप लाव.

तुमचा,
धाकटा