वजन ओळख, मग शब्द उचल

प्रिय मकरंद,
स. न.

फारशी शब्दांची यादी सुटी सुटी पाठ करणं आजच थांबव. अरबीतून फारशीत आलेले शब्द कुटुंबानं राहतात, ते कुटुंबानंच शिकावेत. तीन मूळ अक्षरं ठरलेल्या साच्यात बसतात. त्या साच्याला फारशी व्याकरणात 'वझ्न' म्हणतात, म्हणजे आपलंच वजन.

न-झ-र घे. नझर म्हणजे दृष्टी, मत. वजनांची नावं फ-अ-ल ही नमुन्याची अक्षरं साच्यात घालून केलेली असतात. 'फाएल' (करणारा) वजनावर नाझेर, देखरेख करणारा. कोर्टातला आपला नाझर तोच. 'मफऊल' (ज्यावर क्रिया होते ते) वजनावर मन्झूर, ज्याकडे नजर आहे ते, म्हणून फारशीत हेतू. मराठीत हाच शब्द संमतीकडे वळला, पण तेहरानात 'मन्झूरम' म्हणजे 'मला म्हणायचंय ते'. 'एफ्तेआल'वर एन्तेझार, वाट पाहणं. वाट पाहणारा मोन्तझेर. ह-स-ल मध्येही तसंच: तहसील म्हणजे शिक्षण, मोहस्सेल विद्यार्थी, महसूल पीक किंवा उत्पादन. मराठीमुळे साचा चटकन ओळखू येतो, अर्थ मात्र दरवेळी कोशात पाहा.

घोटाळा होतो तो कानावर विसंबल्यानं. फारशीत झे, झाल, झाद, झा या चारही अक्षरांचा उच्चार एकच. नजर आणि नजराणा आपल्याला सख्खे वाटतात, पण नजरेत 'झा' आहे आणि नजराण्यात 'झाल'. मूळं वेगळी, कुटुंबं वेगळी. म्हणून वहीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीन अक्षरं फारशी लिपीतच लिही आणि खाली पाच-सहापेक्षा जास्त शब्द नकोत.

दुसरी अडचण 'वाव'ची, म्हणजे 'व' अक्षराची. एत्तेफाक (घटना) चं मूळ अलिफपासून शोधलंस तर सापडणार नाही. ते व-फ-क आहे, 'वाव' पुढच्या 'त'मध्ये विरघळला. आपलं 'माफक' त्याच घरातलं, मूळ मुवाफिक. एझ्देवाज (लग्न) मध्ये साच्यातला 'त' 'झे'मागे आला म्हणून 'द' झाला, मूळ झ-व-ज.

अनेकवचनं आतून बदलतात: हाल-अहवाल, खबर-अखबार, केताब-कोतोब. ती जोडीनंच पाठ कर. बोलताना 'केताबहा' म्हटलंस तरी चालतं.

क्रियापदांची तर मौजच आहे. कबूल कर्दन म्हणजे कबूल करणं, कबूल शोदन म्हणजे कबूल होणं. कर्दनचं वर्तमान रूप 'मीकोनम' (मी करतो) पक्कं केलंस की अरबी नाम पुढे ठेवायचं, बस्स. रफ्तन (जाणं), दीदन (पाहणं) या अस्सल फारशी धातूंना मात्र वजनं लागू नाहीत; दीदनचं वर्तमानात 'मीबीनम' होतं, ते वेगळं घोकायलाच हवं. आणि साच्यात अक्षरं घालून स्वतःच शब्द बनवू नकोस. वजन शब्द ओळखायला आहे, पाडायला नाही.

तुला मोगली कागद वाचायचे असतील तर उच्चारांची एवढी काळजी नको. हिंदुस्थानी फारशीत किताब किताबच राहतो, केताब होत नाही.

पुढच्या पत्रात ह-क-म चं पान भरून पाठव: होक्म, हाकेम, महकूम, महकमे. फारशीत ह ची अक्षरं दोन आहेत; यातला ह कोणता, 'हे' की 'हे-जिमी', तेही लिही.

तुझा,
श्रीधर