नाना, तुम्ही ‘कारकुनी’ म्हणालात म्हणून

बॉस्टन
फेब्रुवारी

ती. नानांस शि. सा. न.,

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, “एवढं गाणं शिकून शेवटी कारकुनीच ना?” मग आईने फोन घेतला, डिंकाचे लाडू पोचले का विचारलं आणि विषय तिथेच राहिला. (पोचले. दोन फुटले होते, तेच आधी खाल्ले.) तुमच्याशी तोंडावर भांडायची माझी अजून छाती होत नाही, म्हणून लिहून भांडते.

आधी ही ऑपेराच्या तालमींमागची कारकुनी म्हणजे काय ते ऐका. परवा मी तीन तास खोडरबर घेऊन बसले होते. इथे ऑपेराचं संगीत बऱ्याचदा प्रकाशकाकडून भाड्याने येतं, प्रत्येक वाद्याची वही वेगळी. गज कुठे वर, कुठे खाली, कुठे थांबायचं, सगळं वादक पेन्सिलीने लिहून ठेवतात. प्रयोग संपले की वह्या साफ करून परत करायच्या. एका चेलोवाल्याने समासात मांजर काढलं होतं, ते पुसताना जिवावर आलं.

तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी अख्खा सेट आखलेला असतो. निळी पट्टी पहिल्या अंकाची भिंत, लाल दुसऱ्याची. मुली जीन्सवर तालमीचे घोळदार परकर चढवतात, म्हणजे पुढे खऱ्या पोशाखात पाय अडकत नाहीत. मागच्या महिन्यात मी एकाच वेळी त्या हॉलमध्ये दोन तालमी लावल्या. एकीकडे दिग्दर्शक, दुसरीकडे वीस जणांचा कोरस, मध्ये मी. त्या दिवशी खाल्लेली बोलणी तुमच्या ‘कारकुनी’पेक्षा बरीच तिखट होती.

पण तुमचं म्हणणं वेगळं आहे, कळतं मला. गाणाऱ्याने टेबलामागे बसावं का? त्यासाठी फिलिस कर्टिन या बाईंबद्दल सांगते. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गच्या, जन्म 1921चा. वेल्सली कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकल्या, बरं का. मग गाण्यात शिरल्या, न्यूयॉर्क सिटी ऑपेरात नाव कमावलं, 1961 साली तिथल्याच मेट्रोपॉलिटन या मोठ्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या.

मला त्यांची आवडणारी गोष्ट त्याआधीची आहे. कार्लाइल फ्लॉइड नावाचा तिशीही न गाठलेला संगीतकार. फ्लोरिडातल्या विद्यापीठात शिकवायचा, बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याने ‘सुझाना’ हा ऑपेरा लिहिला. टेनेसीच्या डोंगरातलं एक खेडं, ओढ्यावर अंघोळ करणारी एक अनाथ मुलगी, तिला बघणारे चर्चचे वडीलधारे, आणि मग अख्खा गाव तिलाच पापीण ठरवतो. (आपल्याकडे ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.) कर्टिनबाईंनी ती भूमिका घेतली आणि 24 फेब्रुवारी 1955 ला पहिला प्रयोग टॅलाहासीला झाला, विद्यापीठातच. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. आज अमेरिकन ऑपेरांमध्ये सर्वांत जास्त होणाऱ्यांत त्याची गणना होते. जर्मनीत शहरोशहरी सरकारी पैशावर चालणारी ऑपेरागृहं आहेत, इथे तसं नाही. त्यामुळे नवीन माणसाचं नवीन काम पहिल्यांदा उभं करायला खूपदा विद्यापीठच पुढे येतं. आणि विद्यापीठात ते उभं राहतं तेव्हा मागे कोणीतरी खोल्या, तारखा आणि वह्या सांभाळत असतं.

पुढे कर्टिनबाई येल विद्यापीठात शिकवत होत्या, आणि 1983 साली बॉस्टन विद्यापीठाच्या ललित कला विभागाच्या डीन झाल्या. आठ वर्षं ते पद सांभाळलं. त्यात 1987 मध्ये त्यांनी ऑपेरा इन्स्टिट्यूट काढली. शिक्षण संपलं आणि रंगमंच अजून हाती लागलेला नाही, अशा अधांतरी गायकांसाठी. नाना, दोन वर्षं मी त्याच अधांतरी जागेत होते. ऑडिशनला जायचं, पाच मिनिटं गायचं, “थँक यू” ऐकायचं, बसने घरी यायचं. त्या जागेला छप्पर हवं हे अशाच बाईंना सुचणार जी स्वतः तिथून गेली आहे. नुसत्या हिशेबनिसाला नाही सुचणार, नुसत्या गायिकेला जमणार नाही.

आता उलटं उदाहरण, म्हणजे मी वकिली करतेय असं म्हणायला नको. सारा कॉल्डवेल. याही बॉस्टनच्याच म्हणायच्या. 1950च्या दशकात बॉस्टन विद्यापीठाची ऑपेरा कार्यशाळा चालवली, मग स्वतःची कंपनी काढली. दिग्दर्शनही त्यांचं, वाद्यवृंदासमोर उभ्याही त्याच. मेट्रोपॉलिटनमध्ये 1976 साली ‘ला त्राव्हियाता’ संचालित केला. तिथे वाद्यवृंदाचं संचालन करणारी ती पहिली स्त्री. कल्पकतेत हात धरणारं कोणी नव्हतं. पैशाच्या बाबतीत मात्र आनंद. कंपनी देण्यात रुतत गेली आणि 1990च्या सुमारास बंद पडली. वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं त्यांचं थिएटर बरीच वर्षं कुलूप लावून होतं. आता नीट झालंय. मी त्यावरून जाते तेव्हा हमखास तुमची आठवण होते. गंधर्व मंडळी कर्जात कशी बुडाली, भरजरी शालू, अत्तरं, आणि नारायणरावांना व्यवहार कसा कळला नाही, हे तुम्ही जेवताना किती वेळा सांगितलंय! आणि दर वेळी शेवटी म्हणायचात, “एक चांगला मॅनेजर हवा होता हो.”

हे तुमचंच वाक्य आहे, नाना. मी फक्त परत पाठवतेय.

माझं गाणं थांबलेलं नाही. मंगळवारी सात वाजता वरच्या मजल्यावरची छोटी खोली रिकामी असते. कुठली खोली केव्हा रिकामी असते हे मलाच सगळ्यांत आधी कळतं, एवढा तरी फायदा! पूर्वीसारखं रोज चार तास होत नाही, ते खरं आहे. त्याचं वाईट वाटतं, तेही खरं आहे. मागच्या मंगळवारी सुझानाचं ते चांदण्या रात्रीचं गाणं काढलं. माझ्या आवाजाला ते जरा उंच पडतं, वरच्या जागा ओढूनताणून लागल्या. पण कोणी “थँक यू” म्हणायला नव्हतं.

हिवाळ्यात इथे हीटरने हवा इतकी कोरडी होते की पियानो उतरतात. रोज सकाळी पंधरा खोल्यांतल्या आर्द्रतेच्या काट्यांवर नजर टाकून यंत्रांत पाणी भरणं हेही माझ्याच कारकुनीत येतं. ते करताना तुमची पायपेटी डोळ्यांसमोर येते. तिचा भाता डाव्या बाजूने हवा सोडतो, हे मी दिवाळीत ऐकलं होतं. तुम्ही पाय जोरात मारून वेळ मारून नेता. मिरजेला कोणाकडून तरी पावसाळ्याच्या आत कातडं बदलून घ्या. पैसे मी पाठवते. नको म्हणू नका, पगार चालू झालाय.

आईला नमस्कार. पुढच्या रविवारी फोन करते.

तुमची,
सुमा