ओझरच्या दोन एकरांबद्दल

नाशिक, चैत्र

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेलं की निम्मं राहून जातं. बाबांना मध्येच ऐकू येत नाही, आणि दादा जवळ असला की आई गप्प होते. म्हणून सावकाश लिहितेय. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

विषय आपल्या ओझरच्या मळ्याचा आहे, कालव्याकडच्या त्या दोन एकरांचा. गेल्या रविवारी जाऊन आले. द्राक्षबाग तोडल्यापासून तिकडे कुणी फिरकलेलं नाही. बांधाला गाजरगवत कमरेला लागतं, मधल्या पट्ट्यांत हराळीने जमीन धरलीय. पण अँगल सरळ उभे आहेत, तारा दोन-तीन ठिकाणी सैल सोडल्या तर अजून ताणलेल्या आहेत आणि विहिरीला पाणी आहे. मोटर मात्र रिवाइंड करावी लागेल. दादाचं म्हणणं ठाऊक आहे मला: विमानतळ जवळ, भाव चांगला, प्लॉटवाले रोज फोन करतात. पुण्यात राहून मळा सांभाळणं होत नाही हे त्याचं खरंच आहे, त्याला मी दोष देत नाही. पण त्याने विक्रीचा विषय काढला की बाबा उठून गॅलरीत जातात, हे वहिनीनेच मला सांगितलं.

माझं मागणं असं आहे. विकू नका, पडीकही ठेवू नका. ते दोन एकर आमच्या गटातल्या बायकांना तीन वर्षांसाठी खंडाने कसायला द्या. खंड बाजारभावाने, वर्षाचा आगाऊ, लेखी करार करून.

गटात 11 जणी आहेत. बहुतेक सुरगाणा आणि पेठकडच्या, कोकणा आणि महादेव कोळी. आई, तू अशा बायका आयुष्यभर पाहिल्यास. छाटणीला, घड विरळ करायला (थिनिंगला), ते औषधात बुडवायला (डिपिंगला) आपल्याकडे याच यायच्या, आणि तू शेडमध्ये चुलीला काटक्या आणि लहानग्यांना दूध पाठवायचीस. त्यांच्या डोंगरावर पाऊस धो धो पडतो. नागली, वरई, भात, खुरासणी एकदा निघाली की दिवाळीनंतर ना पाणी, ना काम. मग मुलंबाळं, भांडी, कोंबड्यासुद्धा घेऊन दिंडोरी-निफाडकडे उतरायचं. आता त्यांतल्या काही जणी परत जातच नाहीत. शहराच्या कडेला खोल्या करून राहतात आणि सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभ्या असतात.

सगळ्यांत मोठ्या आहेत त्यांना सगळ्या मावशी म्हणतात. मावशींचं गाव धरणात गेलं, तेव्हा त्या परकऱ्या पोरी होत्या. बदल्यात जमीन मिळाली ती मुरमाड उतारावरची, तीही वडिलांच्या नावावर, आणि वडील गेल्यावर ती भावांत वाटली गेली. आपल्या नाशिकच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, आणि ते धरण 1965 साली पूर्ण झालं. दारणा तर 1916 चं. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा मात्र आपल्या राज्यात 1976 साली आला. मधल्या वर्षांत जी माणसं उठली त्यांच्या हातात पुनर्वसनाचा हक्क म्हणून काहीच नव्हतं, जे मिळालं ते मेहेरबानी म्हणून. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. आपल्या बागेला कालव्याचं पाणी मिळालं, आपण शिकलो, दादा इंजिनिअर झाला, ते कुणाच्या तरी गावावरून वाहत आलेल्या पाण्यावर.

गट कसा चालतो ते बाबांसाठी लिहिते, कारण पहिला प्रश्न तोच असणार. आधी बचत गट होता. दर आठवड्याला बैठक, थोडी थोडी बचत, अडलेलीला आतल्या आत कर्ज. मग त्यांनी दिंडोरीकडे एक एकर खंडाने घेतला. कोथिंबीर, मेथी, कडेने तूर, एका तुकड्यात भुईमूग. एक हजेरीवही आहे. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, आणि ती वही आठवीतली एक मुलगी लिहिते, कारण तिच्या हिशेबावर सगळ्यांचा विश्वास आहे. पैसे आले की आधी बियाणं आणि खत सुटतं, मग पुढच्या खंडासाठी बाजूला पडतात, उरलेले हजेरीप्रमाणे वाटले जातात. बाळंतीण असेल तिने जुड्या बांधायच्या, तिची हजेरी पूर्ण धरायची, हा नियम त्यांचा त्यांनीच केलाय.

संध्याकाळच्या लिलावाला मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. दुपारी काढलेली कोथिंबीर, मुळं धुतलेली, जुडी इतकी सारखी की एक उचलून दुसरीच्या जागी ठेवली तर कळू नये. बोली शेकड्याने झाली. व्यापाऱ्याने वरच्या थरातली सोडून मुद्दाम खालच्या थरातली जुडी ओढून पाहिली. खालीही तशीच निघाली. त्याने काही न बोलता भाव वाढवला आणि मावशींनी पदराला हात पुसत चिठ्ठी घेतली. भाव नेहमी असा मिळत नाही. एका हंगामात कोथिंबीर इतकी पडली की काढणीची मजुरीही सुटली नसती. बाहेरचा मजूर लावला असता तर गट तिथेच मोडला असता. मजूरही त्याच, मालकीणही त्याच, म्हणून तरल्या.

त्या एकराचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. त्यांनी दगड वेचले, बांध घातला, शेणखत टाकलं, जमीन हाताखाली आली. आणि वर्ष संपताच मालकाने ती परत घेतली, कारण आता ती चांगली झाली होती. तोंडी व्यवहार, हातात कागद नाही. मावशी मला म्हणाल्या, "ताई, आधी धरणानं उठवलं, मग दर साली हंगाम उठवतो, आता ज्या मातीला हात लावला तिनंबी उठवलं." म्हणून मी तीन वर्षं मागतेय. एका वर्षासाठी शेणखत टाकायला कुणाचे हात धजतील?

बाबा, तुमच्या मनात कुळाची धास्ती आहे, कसणारा उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल ही, ती मी हसण्यावारी नेत नाही. 1948 चा कूळकायदा कागदावर आहे आणि वकीलसाहेबांनीही सांगितलं की भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच काही तोंडी नको. करार वकीलसाहेबांकडूनच करून घेऊ, नोंदणीकृत करू. त्याचा दुसरा फायदाही आहे. कागद नसला की कसणाऱ्या बाईला ना पीककर्ज, ना विमा. गारपीट झाली तरी भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जाते. नोंदणीकृत करार असला तर पीकविम्यात त्यांना स्वतःच्या नावाने भाग घेता येतो. पण एक आठवण करून देते, रागावू नका. हा मळा आपला झाला तो 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनामुळे, कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक झाली त्या दिवसामुळे. आजोबा कूळ होते. तुम्हीच सांगितलंय ना, आजोबांनी त्या दिवशी गावात गूळ वाटला होता म्हणून.

आणि एकत्र कसण्यावर तुमचा विश्वास नसेल तर वाघाड धरणाच्या पाण्याचे ते दिवस आठवा. आपण उजव्या कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला. वरचे लोक पाणी घ्यायचे आणि आपल्यापर्यंत ओली मातीसुद्धा यायची नाही. 1990 च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणीवापर संस्थांचं काढलं, तेव्हा भावकीतले किती जण म्हणाले होते की एकत्र येऊन कुणाचं भलं झालंय? तुम्ही तरीही सभासद झालात, पाळीपाळीने रात्री चारीवर उभे राहिलात. पुढे अख्खा वाघाड प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती आला, आणि 2005 साली सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. पाणी वाटून घेणं जमिनीपेक्षा कठीण, ते तुम्ही करून दाखवलंत.

बायकांचंच उदाहरण हवं असेल तर केरळ पाहा. तिथे 1998 पासून कुटुंबश्री आहे, तिच्यातल्या बायकांचे छोटे छोटे गट जमीन खंडाने घेऊन केळी, भाजी, भात पिकवतात. बीना अगरवाल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या आणि तेलंगणातल्या गटशेतीचा अभ्यास केलाय. केरळातल्या गटांचं हेक्टरी उत्पन्न आसपासच्या एकेकट्या कुटुंबांच्या शेतीपेक्षा बरंच वरचढ निघालं. तेलंगणात माल कमी आला, पण मजुरी बाहेर जात नसल्याने हातात उरलेला पैसा इतरांच्या बरोबरीचा होता. अडचण दोन्हीकडे हीच होती: चांगली जमीन आणि तीही टिकून मिळत नाही.

आता आई, तुझ्याशी बोलते. तू चांदवडला गेली होतीस ना, 1986 च्या नोव्हेंबरात, शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला? मी लहानपणापासून ऐकत आलेय: नवीन लग्न झालेलं, सासूबाईंनी स्वतः तुला ट्रॉलीत बसवलं, आणि मैदानभर बायाच बाया. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावे जमीन करा म्हणाले. आपल्या गावात काहींनी केली. आपल्या घरी राहून गेलं. बाबांच्या मनात नव्हतं असं नाही, पण आजोबांसमोर विषय कोण काढणार. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरातल्या खातेदारांत बायका जवळपास 14 टक्के भरल्या. शेतात वाकलेल्या पाठी मोजल्या असत्या तर किती भरल्या असत्या! वनहक्क कायद्याने 2006 साली नवरा-बायको दोघांच्या नावे वनजमिनीचा पट्टा देण्याची तरतूद केली. त्याच पट्ट्यांसाठी 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्यांत मावशी होत्या. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून मोर्चा शेवटच्या रात्री झोपेशिवाय चालला. मावशींच्या टाचांना अजून भेगा आहेत, त्यांच्या नावे पट्टा मात्र झालाय, नवऱ्याबरोबर. डोंगरातल्या बाईला जे मिळालं ते ओझरच्या बाईला का नको? तलाठ्याकडे एक अर्ज द्यायचा आहे, बाबांनी तुला सहहिस्सेदार करावं म्हणून. मग करारावर मालक म्हणून तुझीही सही होईल. चाळीस वर्षं तू त्या मळ्यात राबलीस, आई. मला ती सही बघायची आहे.

बाकी काय पेरायचं ते त्यांनी ठरवलंय. तुमचा मांडव उभाच आहे, त्यावर कारली, गिलकी, दोडकी चढवणार. बाबा, तुम्ही रोवलेल्या अँगलला कुणी हात लावणार नाही. कालव्याच्या बाजूच्या पट्टीत नागली करून बघायची आहे, थोडी, घरच्या खाण्यापुरती. आमच्या जमिनीत ती येत नाही असं मी म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "बी आमचंय, माती तुमची, बघू की." दगड आणि हराळी काढायला उन्हाळ्याचाच वेळ आहे, म्हणून आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आत तुमचा निरोप हवा. या भागात सालाचे व्यवहार आखाजीलाच ठरतात, तुम्हीच शिकवलंय.

दादाशी मी स्वतः बोलेन. विक्रीच्या पैशात त्याला फ्लॅटचं कर्ज फेडायचंय हे मला माहीत आहे, आणि त्यातला काही भार आम्ही दोघं उचलू असं यांनीही सांगितलंय. तुम्ही त्या भरीला पडू नका.

बाबा, गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. आई, साखर तपासलीस का? पावसाळ्याच्या तोंडाला दोघांना इकडेच घेऊन येते. आणि विहिरीवरच्या खोलीची किल्ली नेमकी कुणाकडे आहे, दादाकडे की शेजारच्या काकांकडे, तेवढं आजच कळवा. मोटर काढून दुकानात न्यायची आहे.

तुमची,
लेक