अंगणात बसणारी काकू

संपादक साहेब,
आमच्या गावात एक काकू होती, लग्नाकार्यात पण मांडवाबाहेर पोत्यावर बसायची, लघवी सारखी गळायची म्हणून. लोक म्हणायचे करणी केलीय. बाळंतपण दोन दिवस अडलं, बाळाच्या डोक्याचा दाब बसून लघवीच्या पिशवीला भोक पडलं, याला फिस्टुला म्हणतात अन बहुतेक वेळा ऑपरेशनने बरं होतं हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही. तिकडे इथिओपियात हॅमलिन डॉक्टर नवराबायकोने १९७४ ला अदिस अबाबात यासाठीच हॉस्पिटल काढलं, सगळं फुकट, पुढे खेड्यात बाळंतपण अडूच नये म्हणून नर्स-दायांचं कॉलेज पण. आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं ढीगभर होतात, बॅनरसकट! बायकांच्या ह्या दुखण्याचं एखादं घ्या ना, आणि तपासायला लेडी डॉक्टर ठेवा, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही.
- एक वाचक