तिघं मिळून उतरा

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, की सोबतच्या मुलीचा गुडघा सुजलाय, म्हणून पापायाक्तापासून तू एकटीच पुढे उतरणार, ते दोघं मागून येतील. मी ‘बरं’ म्हणालो. पण मला ते बरं वाटलेलं नाही.

तू इक्वादोरला गेल्यापासून मी त्याच वाटेबद्दल वाचतोय. १५४१ मध्ये गोन्सालो पिझारो दालचिनीच्या मुलखाच्या शोधात कितोहून निघाला. दोनशेवर स्पॅनिश, आणि त्यांची ओझी वाहायला सुमारे चार हजार स्थानिक माणसं. अँडीजच्या थंडीनेच त्यांतली कितीतरी मेली. दालचिनीची झाडं निघाली विरळ, विखुरलेली. त्या संतापात त्याने तिथल्या लोकांना कुत्र्यांच्या तोंडी दिलं. वाट मुळात त्या लोकांची होती, ताई. तू लिहिशील तेव्हा ते आधी लिही. असो, शिकवायला बसलो नव्हतो.

मला सांगायचंय ते पिझारोच्या हाताखालच्या ओरेयानाचं. अन्न संपलं तेव्हा तो पन्नासेक माणसं घेऊन गलबताने पुढे गेला, खायला घेऊन परत येतो म्हणून. नदीच्या ओढीपुढे परतणं झालं नाही. ऑगस्ट १५४२ मध्ये तो थेट अटलांटिकला निघाला. त्याचं नाव झालं. मागे राहिलेल्यांनी घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, खोगिरांचं कातडं उकळून खाल्लं. जेमतेम ऐंशी जण कितोला परतले. परत येतो म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत होता, असं मला वाटत नाही. म्हणूनच भीती वाटते.

राजमाचीला तू अशीच पुढे पळायचीस. वळणाआड गेलीस की तुझ्या आईचा जीव खालीवर. आम्ही पोचावं तर तू दगडावर बसलेली, तोंड जांभळं, आणि ओंजळीत आमच्यासाठी राखलेली करवंदं. तिला रागावताच यायचं नाही. मला तर कधीच आलं नाही.

आणि त्याच वाटेवरच्या कोका नदीचं बघ. २०२० च्या फेब्रुवारीत सान राफाएलचा एवढा मोठा धबधबा नाहीसा झाला. तेव्हापासून पात्र खचतंय, काठ कोसळतायत, रस्ता आणि तेलाच्या वाहिन्याही गेल्या. नकाशात रस्ता असेल, तिथे नसेल. काठाजवळ तंबू नको. एकटी तर नकोच.

पुन्हा तेच लिहिलं. माफ कर. तुला डोंगर माझ्यापेक्षा जास्त कळतो. कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट उंच खिंडीतून माझी लेक चालत गेली, हे मी दूधवाल्यालाही सांगितलंय. बंड्या म्हणतो, बाबा, आता पुरे.

पापायाक्ताला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे त्या मुलीच्या गुडघ्याला विश्रांती मिळेल. सूज उतरेपर्यंत थांबा. राहण्याचा खर्च वाढला तर पैसे पाठवतो, संकोच करू नकोस. बाएझाला तिघं मिळून उतरा, आणि पोचलात की तिघांचाही फोटो पाठव.

तुझा,
बाबा