पहिल्यांदा गोपनीय अहवाल लिहिताना

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, या वर्षी सात कारकुनांचे सी.आर. मला लिहायचेत." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

माझ्या वेळी सी.आर., म्हणजे साहेबाने वर्षभराच्या कामावर लिहिलेला गोपनीय अहवाल, बंद लखोट्यात वर जायचा. शेरा प्रतिकूल असेल तरच कळवायचे. 'चांगला' हा काही प्रतिकूल नव्हे, म्हणून तो मला कोणी सांगितलाच नाही. पदोन्नतीच्या वेळी मात्र तोच आडवा आला. निवृत्त झालेल्या साहेबांना घरी जाऊन भेटलो, तर ते चकितच झाले. "अहो, मी सगळ्यांनाच 'चांगला' द्यायचो!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं गं. पण ती वर्षं घरात कशी गेली, आईला विचार.

सीमा रस्ते सेवेतल्या देव दत्त या अभियंत्याचंही हेच झालं होतं. 1993-94 चा एक 'चांगला', आणि बढतीला हवा 'खूप चांगला'. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे 2008 मध्ये निकाल लागला, की कुठलाही शेरा असो, ज्याचा त्याला कळवायलाच हवा. पुढच्या वर्षी केंद्राने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आणि पंधरा दिवसांत म्हणणं मांडू देण्याचा आदेश काढला. तो निकाल मी दोनदा वाचला.

आता दाखवावा लागतो, म्हणून वाईटपणा नको, द्या सगळ्यांना 'उत्कृष्ट', असं करणारेही भेटतील. तू तसं करू नकोस. माझ्या साहेबांचीच चूक ती, फक्त शब्द वेगळा.

आणि निकाली प्रकरणांच्या आकड्यावर जाऊ नकोस. निराधार योजनेचा अर्ज त्रुटी काढून परत पाठवला, तरी वर्कशीटला, म्हणजे कारकुनाच्या कामाच्या तक्त्यात, तो निकालीच दिसतो. एका आजींचा अर्ज तीनदा परत गेलेला मी पाहिलाय. दर वेळी नवी त्रुटी, आणि तिन्ही वेळा निकालीत जमा! शेजारच्या टेबलावरच्या बाई सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लिहून द्यायच्या, वाचूनही दाखवायच्या. त्यांचा आकडा कमी भरायचा.

अजून डिसेंबर आहे. ज्याचं काम खटकतंय, त्याला आत्ताच समोर बसवून सांग, तारीख घालून टिपून ठेव. 31 मार्चनंतर सांगितलंस तर सुधारायला त्याच्या हातात वर्ष उरत नाही. आवक-बारनिशीवरच्या, आलेल्या टपालाची नोंद ठेवणाऱ्या त्या अबोल मुलाबद्दल दिवाळीत सांगत होतीस ना, त्याच्यापासून सुरुवात कर.

तुझे,
बाबा