पूर्वेच्या भिंतीवरील ओलीच्या डागाबाबत

दि. ११ ऑक्टोबर

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय: पूर्वेकडील विटांच्या भिंतीवरील ओल व त्याबाबत समितीची झोप

महोदय,

सप्रेम नमस्कार. गणपतीत आपण आरतीला आमच्याकडे आलात तेव्हा हा विषय मी मुद्दाम काढला नाही. देवासमोर वाद नको. आता दसराही होऊन गेला. माझ्या आधीच्या पत्रांवर समितीचे उत्तर एकच: "कोकणात ओल यायचीच." हे वाक्य इतिवृत्तातही आले आहे आणि त्याखाली "सदर सभासदाने समाधान व्यक्त केले" असे लिहिले आहे. मी समाधान व्यक्त केलेले नाही. मी पाणी प्यायला उठलो होतो.

कोकणात पाऊस पडतो हे मला समितीने सांगायची गरज नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण तो पडतो कुठून? नैर्ऋत्येकडून. झड बसते ती पश्चिम आणि दक्षिण भिंतीला. आपली पश्चिमेची भिंत शेवाळाने हिरवी होते आणि दिवाळीनंतर उन्हाने खडखडीत वाळते, हे दरवर्षीचे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डाग आहे पूर्वेला, डक्टच्या (पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीच्या) शेजारी, माझ्या बेडरूमच्या खिडकीच्या वर आणि वरच्या सदनिका ३०४ च्या बाथरूमच्या खाली. तिथे झड पोचत नाही. शिमग्यात पालखी आपल्या आवारात आली तेव्हा सगळ्या सोसायटीने तो डाग ओला पाहिला आहे. शिमग्यात कुठला पाऊस?

समितीने आणलेल्या कंत्राटदाराने मात्र खाली वाकून जोत्याकडे पाहिले आणि जमिनीतून ओल चढते आहे, जोत्यात भोके पाडून केमिकल भरावे लागेल, असा अंदाज दिला. जमिनीतली ओल विटांतून चढते हे खरे, पण ती साधारण मीटरभर चढते आणि थांबते. दुसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत जात नाही. तळमजल्याची भिंत कोरडी, पहिल्या मजल्याची कोरडी आणि औषध जोत्याला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गच्चीतून पाणी येते म्हणावे, तर गच्चीखालच्या ४०४ च्या भिंतीला डाग हवा होता. नाही. एसीचे पाणी म्हणावे, तर ३०४ च्या एसीची नळी दुसऱ्या बाजूला उतरते. सचिवांचे मत खाऱ्या हवेचे. खाऱ्या हवेने ग्रिल गंजतात, कबूल. पण खारी हवा फक्त ३०४ च्या बाथरूमखाली थांबते काय? डागाच्या कडेला जी पांढरी भुकटी दिसते तो लोणा आहे. विटेतले आणि दर्जांतल्या सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात. म्हणजे लोण्याची कड दाखवते की पाणी कुठपर्यंत पोचून वाळते आहे. मी त्या कडेला खिडकीतून हात पोचेल तिथवर पेन्सिलने रेघ मारून तारखा टाकल्या होत्या. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी वॉचमनने पाइप लावून भिंत धुतली. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. धुतला की क्षार विरघळून परत विटेत जातात. शिवाय माझ्या तारखा गेल्या. वॉचमनला कोणी सांगितले, हे विचारल्यावर तो हसला. त्याचा दोष नाही.

धुण्यापूर्वी त्या रेघांवरून जे दिसले ते असे. पाणीपुरवठ्याचा पाइप फुटला असता तर त्यात सतत दाब असल्याने डाग बारा महिने सारखाच राहिला असता. हा डाग वाढतो आणि आकसतो. शनिवार-रविवारी ३०४ मध्ये गणपतीपुळ्याला जाणारे पर्यटक उतरतात, सोमवारी डाग रेघेच्या बाहेर. एप्रिलमध्ये तिथे आतून रंगकाम चालू होते, पाहुणे बंद होते, तेव्हा डाग रेघेच्या आत आला. यावरून माझ्या मते दोष सांडपाण्याच्या वाटेत आहे: नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतले जाळीखालचे सांडपाण्याचे भांडे) किंवा तिथून भिंतीतून डक्टच्या पाइपला जाणारा सांधा. खात्री करायला तोडफोड लागत नाही. नहाणीत रंगीत पाणी ओतायचे आणि डागावर रंग उमटतो का ते पाहायचे. ही मागणी मी लेखी केली आहे. "पाहुण्यांना रंगीत पाणी दिसले तर ते वाईट रिव्ह्यू देतात," हे खजिनदारसाहेबांचे उत्तर. ३०४ त्यांचीच आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. होमस्टेला सभेची परवानगी कधी घेतली, तो विषय वेगळा. पण इतिवृत्तात मला तरी सापडला नाही.

दरम्यान समितीने काय केले? ओल्या विटांवर वॉटरप्रूफ रंग मारला. सगळ्या रत्नागिरीने जांभ्याचे चिरे वापरले तिथे आपल्या बिल्डरने पूर्वेच्या बाजूला उघड्या विटांची हौस केली, आणि उघड्या विटेचा एकच फायदा, की ती वाळते. तोही रंगाने बंद केला. आतले पाणी बाहेर पडायला वाव नाही, म्हणून रंगाला फोड आले, पोपडे पडले आणि आता विटांचा भुगा माझ्या खिडकीच्या कठड्यावर पडतो. हा खर्च सर्वांच्या मेंटेनन्समधून झाला. समितीला पुन्हा रंग मारायचा आहे, असे कानावर आले आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नियमावलीत, संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. बाहेरच्या सामायिक पाइपलाइन व ड्रेनेजलाइनमधून होणारी गळती त्यात स्पष्ट लिहिली आहे. तक्रार आल्यावर सचिवांनी जागेवर पाहणी करून समितीला अहवाल द्यायचा, हेही लिहिले आहे. सचिवांनी पाहणी खालून, स्कूटरवर बसून केली. सदनिकेच्या आतली दुरुस्ती ज्याची त्याने करायची, हेही उपविधींत आहे आणि ते ३०४ ला लागू होते. मी माझ्या बाथरूमच्या फरश्या बदलल्या होत्या, त्याचा इथे काही संबंध नाही. माझ्या ग्रिलमधल्या कुंड्यांचाही नाही. कुंडीतले पाणी खाली जाते, वर चढत नाही. इमारतीला १५ वर्षे उलटल्यावर दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. ते केव्हा झाले?

हे एकट्याचे रडगाणे नाही. २०३ चे सर, १०४ च्या काकू आणि तळमजल्यावरचे बहुतेक सर्वजण माझ्याशी सहमत आहेत. शेजारधर्मामुळे सह्या द्यायला संकोचतात, तरी त्यांना थेट विचारू नये. गच्चीवर वाळत घातलेली सुकट, फणस कोणाच्या गाडीवर पडला, टाकी भरून वाहते तेव्हा मोटर कोण बंद करत नाही, यावर मी आजवर एक अक्षर लिहिलेले नाही. मेंटेनन्स थांबवीन असेही म्हणत नाही. मी नियमाने चालणारा माणूस आहे.

तेव्हा ३०४ च्या नहाणीत रंगाची चाचणी माझ्या समक्ष व्हावी, शक्यतो सोमवारी. दोष निघाल्यास सांधा दुरुस्त व्हावा आणि तोवर होमस्टे बंद राहावा. भिंतीवरचा रंग खरवडून विटा उघड्या ठेवाव्यात. वाया गेलेल्या रंगाचा खर्च कोणी भरायचा, हे खजिनदारांनीच हिशोबात दाखवावे. आणि इतिवृत्तातले माझे समाधान खोडावे.

घाई यासाठी, की विटेची भिंत वाळायला इंचाला साधारण महिना घेते. आपली भिंत नऊ इंची. आज गळती थांबली तरी पुढच्या मृगापर्यंत ती पुरती वाळायची नाही. दिवाळीनंतर बघू म्हटलेत, तर पुढचे पत्र निबंधक कार्यालयाला जाईल.

कळावे,
आपला,
सभासद, सदनिका २०४

ता. क. आपले दार माझ्या दारासमोर असूनही पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. मागच्या पत्रांची पोच मिळाली नव्हती.